हेवी लायसनच्या मेडिकलला बीपी १६४/१०२ आलं, आता काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ३६, इतकी वर्षं छोटा हत्ती चालवला, आता हेवी काढून लाइनवर, म्हणजे लांबच्या ट्रकवर, जायचंय. फॉर्म १-अ, म्हणजे लायसनला लागणारा मेडिकल दाखला, त्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तर बीपी १६४/१०२ निघालं. त्यांनी सही न करता आधी औषध घ्या म्हणून सांगितलं. एजंट म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरची सही आणून देतो. आणि तुम्ही विचारताय की पंधरा दिवसांत बीपी खाली कसं आणायचं.

ती सही आणू नका. पंधरा दिवसांचा हिशोबही सोडा, दोन-तीन महिने हातात धरा. बीपी आहे म्हणून लायसन मिळतच नाही, असा काही कायदा नाही. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं दहा चाकी चालवणारे कितीतरी जण आहेत, मीही त्यातलाच. पण गोळी घरी असतानाच बसवून घ्यावी लागते. एकदा लाइनवर गेलात की आज भिवंडी, परवा इंदूर, तेरवा कुठे ते मालकालाही माहीत नसतं. तिथे कुठला डॉक्टर तुमचा डोस बघणार?

पहिलं काम म्हणजे तुमचं खरं बीपी किती ते समजून घेणं. मेडिकलच्या दिवशी तुम्ही दोन जिने चढून गेलात, दाढेत तंबाखू होती, नंबर लागेपर्यंत चहा झाला, शर्टाची बाही गुंडाळून त्यावरच पट्टा बांधला आणि मोजताना कंपाउंडरशी बोलणंही चालू होतं, असं तुम्हीच लिहिलंय. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा चढतो. टायरची हवा गाडी थंड असताना बघतो ना, तसंच हे. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. चहा, तंबाखू, बिडी यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी मोजलेलं १३५/८५ च्या वर राहत असेल तर बीपी आहे, टेन्शनने आलं म्हणून सोडून देता येणार नाही. पण हे करताना डॉक्टरांनी सांगितलेलं औषध थांबवू नका.

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, लघवी आणि ईसीजी एवढं करून घ्या. तुमच्या वयात एवढं बीपी असेल तर किडनी बघणं गरजेचं आहे, शिवाय वडिलांना लकवा झाल्याचं तुम्ही लिहिलंय, तेही सांगा. खर्चाची काळजी करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. जनऔषधी केंद्रातही स्वस्त पडतात, फक्त चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: मी हेवी गाडी चालवणार आहे, रात्रीचीही. कारण गोळी-गोळीत फरक असतो. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, तासन्‌तास बसून ते वाढतं. लघवी वाढवणारी गोळी चांगली असते, पण घाटात जाम लागला की हाल होतात, आणि मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये घाम गाळून वर पाणीही कमी प्यालात तर उठताना चक्कर येते. प्राझोसिन, क्लोनिडिनसारख्या गोळ्यांनी झोप किंवा गरगरणं येऊ शकतं. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मग डोस वाढवायचा की दुसरी जोडायची ते ठरतं. म्हणून म्हणतो, दोन-तीन महिने. नवी गोळी किंवा नवा डोस सुरू झाला की सुरुवातीचे काही दिवस लांबची गाडी नको.

आणि नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. आपल्या लाइनीत सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात.

झोपेत घोरता का, श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारा. दिवसा सिग्नलवरही डोळा लागत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. त्या आजारात अनेकदा गोळ्या घेऊनही बीपी नीट उतरत नाही, आणि पहाटे चारला स्टेअरिंगवर झोप लागते ती याचमुळे असू शकते. ड्रायव्हर लोक हे कधी तपासतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कंबरदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रोज खाल्ली तर बीपी चढतं. सर्दीच्या गोळीनेही चढू शकतं आणि वर पेंग येते ती वेगळी. तंबाखू तर सोडाच, त्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे.

खाण्यात मुख्य शत्रू मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, यात सगळं आलं. ढाब्यावरची डाळ, पापड, लोणचं, शेव हे जोडलं की एका जेवणातच तेवढं होतं. शक्य असेल तर केबिनमध्ये शेगडी ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर गाडी धरा आणि गाडी उभी करून स्वतः शिजवा, मीठ आपल्या हातात राहतं. रोज अर्धा तास चालणं, वजन थोडं उतरवणं हेही कराच, पण १६४/१०२ ला नुसत्या त्यावर भागणार नाही.

लाइनवर गोळीची वेळ घड्याळाशी बांधू नका. आपला दिवस कधी संध्याकाळी सुरू होतो, कधी पहाटे. झोपून उठलात, दात घासले की गोळी, हे जमतं. पाकीट डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात तापतं. दहा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या बॅगेत ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

गाडीवर असताना तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत कळ आली तर चारही इंडिकेटर लावून गाडी बाजूला घ्या आणि १०८ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चालतो. लकव्याची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा माल खाली करून मग बघू, असं करू नका. क्लीनरलाही हे सांगून ठेवा.

आठवड्याच्या नोंदी झाल्या आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की तिचं नाव इथे टाका. त्यावर लांबची गाडी चालवताना काय सांभाळायचं ते मी आणि इथले बाकीचे ड्रायव्हर सांगू, डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.