तिन्ही म्युलर एकाच घरातले असतील का?

आपण जर्मनीतल्या झारब्र्युकन शहरात येण्याच्या तयारीत आहात आणि भावी घरमालक, कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या बाई व मुलीच्या शाळेतल्या शिक्षिका असे तिघेही म्युलर निघाल्याने, हे एकमेकांचे नातेवाईक असतील का आणि एकाकडे दुसऱ्याची ओळख सांगावी का, असे आपण विचारले आहे. नाते असण्याची शक्यता अगदी थोडी आहे आणि ओळख तर मुळीच सांगू नये.

म्युलर हे जर्मनीतले सर्वाधिक आढळणारे आडनाव असून साधारण शंभरात एक माणूस ते लावतो. आपण येत आहात त्या नैर्ऋत्य भागात तर ते विशेष दाट आहे. म्युलर म्हणजे पाणचक्कीवर धान्य दळून देणारा. बाराव्या शतकापासून तिकडे आडनावे हळूहळू रूढ होऊ लागली, तेव्हा जमीनदाराच्या हद्दीतल्या कुळांनी त्याच्याच चक्कीवर दळण न्यावे असा पुष्कळ ठिकाणी दंडक होता. त्यामुळे चक्कीवाला गावात बहुधा एकच असे आणि त्याच्या धंद्यावरून त्याची नेमकी ओळख पटे. उलट शेतकरी सगळेच असल्यामुळे त्या अर्थाचे ‘बाउअर’ हे आडनाव म्युलरच्या मानाने बरेच मागे राहिले. आपल्याकडे गावोगावच्या कुलकर्ण्यांचे झाले तेच इथे झाले: आडनाव एक, घराणी असंख्य. गेर्ड म्युलर आणि थोमास म्युलर हे दोघेही बायर्न म्युनिककडून खेळलेले नामवंत फुटबॉलपटू, पण त्यांच्यातही नाते नाही. (चक्कीवाला पीठ मारतो हा संशय तिकडेही जुनाच, काही भागांत त्याच्या मुलांना कारागीर संघांत प्रवेश नाकारला जात असे.)

श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी आणि वेबर म्हणजे विणकर, ही पुढची चारही आडनावे धंद्यांवरूनच आली आहेत. मात्र आज त्यांवरून कोणाचा धंदा किंवा सामाजिक दर्जा ताडता येत नाही.

आपल्याला खरी काळजी घ्यावी लागेल ती स्पेलिंगची. उत्तरेत याच नावाचे म्योलर होते, दक्षिणेत मिलरही आढळते आणि 1876 पासून साम्राज्यभर जन्म-विवाहाची सरकारी नोंद सुरू झाल्यावर हे भेद कागदोपत्री पक्के झाले. यू या अक्षरावरची दोन टिंबे व्हिसाच्या अर्जात टंकता येत नसतील तर यू नंतर ई लिहावा. टिंबे नुसती गाळू नयेत, कारण तसे लिहिलेले नाव वेगळेच आडनाव ठरते.

इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो आणि पोस्टमन पेटीवरचे आडनाव पाहूनच पत्र टाकतो. म्हणून घरमालक त्याच इमारतीत राहत असतील, तर त्यांना पत्र पाठवताना पहिले नावही लिहावे आणि आपल्या पेटीवर पासपोर्टातले आडनाव जसेच्या तसे लावावे. पती-पत्नींची आडनावे निराळी असल्यास दोन्ही लावावीत.