वाचकांचे प्रश्न : भुसावळच्या उन्हात ग्रँड पियानो

प्रश्न : आमच्या सभागृहातल्या ग्रँड पियानोचा सूर मे महिन्यात उतरतो, पावसाळ्यात चढतो. तारा ढिल्या पडतात का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : तारांपेक्षा लाकडाकडे बघा. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या जोडून करतात, जाडी जेमतेम ८-९ मिलिमीटर. फळी आधी चांगली सुकवून मग खालून आडव्या दांड्या चिकटवतात. नंतर ती हवेतला ओलावा शोषून किंचित वर फुगते आणि ब्रिजमधून (फळीवरची, तारा टेकतात ती लाकडी पट्टी) तारांना रेटून धरते. मेमध्ये फळी आकसली की फुगवटा बसतो आणि सूर उतरतो, मधल्या सप्तकांत सर्वांत जास्त. पावसाळ्यात याच्या उलट. सुमारे २० टनांचा ताण पेलणारी बिडाची चौकट जागची हलत नाही.

खरी भीती पिनब्लॉकची, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना ज्यात बसवलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्याची. त्यातले मेपल लाकडाचे थर फार सुकले की पिना सैलावतात, मग कितीही जुळवा, सूर टिकत नाही.

डेझर्ट कूलरचा झोत पियानोवर नको. दिवसा ओल, रात्री कोरडेपणा, हे हेलकावे सतत कोरड्या हवेपेक्षाही वाईट. जवळ आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० टक्के सांभाळा. पाऊस सुरू होताच ट्यूनरला बोलावू नका, लाकूड स्थिरावायला काही आठवडे द्या.