वाळवंटी किनाऱ्यावर सँड प्लोव्हर ओळखायला 60 पटीचा स्कोप घ्यावा का?

ओमानचा किनारा आणि तिथल्या वादी (एरवी कोरडी पडलेली नदीपात्रं) असा बेत आहे, ग्रेटर आणि लेसर सँड प्लोव्हर (किनाऱ्यावरच्या चिखल्या पक्ष्यांच्या, दिसायला जवळजवळ सारख्या दोन जाती) एकदाचे नीट ओळखायचेत, तर स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) 60 पटीचा घेतला की काम सोपं होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. आणि हे "पॉवर वाढवा, दिसेल" ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

ओमानच्या बार अल हिकमान द्वीपकल्पाची शन्नाकडची बाजू, मसिराह बेटासमोरची. नोव्हेंबर, सकाळचे साडेअकरा, भरती जवळजवळ पूर्ण. थवा साधारण 400 मीटरवर, खारट सपाटीच्या कडेला बसलेला. सोबतच्या अनुभवी गृहस्थांनी 65 मिलिमीटर भिंगाच्या स्कोपवर 60 पट लावली आणि वहीत पक्ष्यांचा आकडा लिहिला: ग्रेटर, 400. कारण काय, तर पाय फिकट दिसले आणि चोच लांब. तापलेल्या जमिनीलगतची हवा थरथरते तेव्हा चोच कधी ताणलेली दिसते, कधी आखूड. पट वाढवली की पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी होते. शिवाय 65 भागिले 60, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका जेमतेम 1.1 मिलिमीटरचा. चित्र अंधारलेलं आणि वर नाचणारं. पायांचा रंग तर सोडूनच द्या. चिखल लागला की सगळ्यांचे पाय काळे, वाळला की सगळ्यांचे राखाडी.

पाच मिनिटांत दलदल हारीण (शिकारी पक्षी) आली आणि थवा उठला. उडणारे पक्षी जमिनीलगतच्या तापल्या थराच्या वर असतात, त्यामुळे बसलेल्यांपेक्षा त्यांचे फोटो कितीतरी स्वच्छ येतात. 1/2500 सेकंदाने काढलेल्या फोटोंत बोटं बघायची: ग्रेटरची शेपटीच्या टोकापलीकडे स्पष्ट बाहेर येतात, लेसरची जेमतेम. बहुतेक सगळे लेसर निघाले. आणि चोचीचा घोळ का होतो तेही ऐका. अरबस्तानात हिवाळ्याला येणारे लेसर हे तिबेटकडचे. त्यांची चोच सैबेरियाकडच्या भाईबंदांपेक्षा लांब असते. सैबेरियाकडच्यांची चित्रं बघून गेलात की हे तुम्हाला ग्रेटरच वाटणार. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर चोचीशी ताडून बघा. ग्रेटरची चोच त्याहून लांब असते. पण हे 100-150 मीटरवरून, पक्षी अगदी बाजूने दिसत असताना. त्याहून लांबून चोच मोजणं म्हणजे ज्योतिष.

म्हणून आधी भरतीचं वेळापत्रक, मग स्कोप. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. पूर्ण भरती सूर्योदयानंतर दोन तासांच्या आत येईल अशा तारखा निवडा. भरतीच्या दीड तास आधी जाऊन गप्प बसा, पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. चालत त्यांच्याकडे जाऊ नका. एकदा उठवलेला थवा परत तुमच्यासमोर बसत नाही. सकाळी पूर्वेकडच्या शन्नाला सूर्य डोळ्यांवर येतो, त्यापेक्षा पश्चिमेची फिलीमची बाजू बरी. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. वरचा खारट पापुद्रा कोरडा ठणठणीत दिसतो, खाली लोण्यासारखा चिखल असतो.

मोजताना दहाचा एक गठ्ठा नजरेत बसवा आणि त्या मापाने थवा डावीकडून उजवीकडे, मग उलटा मोजा. दोन आकडे पाचवा हिस्सा इतके वेगळे आले तर तिसऱ्यांदा. जातींचं प्रमाण थव्याच्या मधून आणि दोन्ही टोकांकडून काढा, कारण मोठे आणि छोटे सारखे मिसळून बसत नाहीत.

वादीत वेगळीच गंमत. तिथे ओळखणं सोपं, मोजणं अवघड. साधा तुतवार (पाणथळीतला छोटा पक्षी) तुमच्या पुढे पुढे पाण्यालगत उडत बसतो आणि तोच पक्षी चार वेळा वहीत जातो. हद्द संपली की तो पाण्यावरून वळसा घालून तुमच्या मागे परततो, तेव्हाच एक धरायचा. हिरवा तुतवार मात्र ओरडत उंच निघून जातो, तो उठताक्षणीच लिहा. गोड्या डबक्याच्या काठाशी छोटा टिलवा (चिमणीएवढा किनारपक्षी) वाटला तर पाय बघा. पिवळट असतील आणि उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या तर तो टेमिंकचा टिलवा. उन्हाळ्यात पात्रातल्या दगडगोट्यांवरून टिटवी किंवा चिखल्या लंगडल्यासारखं करायला लागला तर अंडी जवळपास आहेत. आल्या पावली मागे फिरा. अंड्यांवरची सावली उठली की दुपारी काही मिनिटांत ती शिजतात.

आता, 60 पट अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. थंडीतल्या पहाटे, पाण्यावरून, 150 मीटरच्या आत संशोधकांनी पक्ष्यांच्या पायात घातलेल्या रंगीत कड्या वाचायला ती लागतेच. तेव्हा 20-60चा झूम घ्यायचा असेल तर घ्या, पण 85 मिलिमीटर भिंगाचा, आणि दिवसाचा बराच वेळ तो 25-30वर ठेवा. तिपाई जड हवी, तिथला वारा हलकी तिपाई उभी राहू देत नाही.

वहीतली "ग्रेटर, 400" ही नोंद मात्र फोटो दाखवूनही खोडली गेली नाही.