टक्कर, आंतरक्रिया की ओढाताण?

प्रश्न असा आहे : एक दूरची दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) शेजारच्या दीर्घिकेशी 'आंतरक्रिया' करते, असं एका लेखात वाचलं. त्याऐवजी सरळ 'टक्कर' म्हटलं तर काय बिघडतं?

बिघडतं. टक्कर म्हटली की एडके आठवतात, कपाळावर कपाळ. दीर्घिका भिडतात तेव्हा त्यांतले तारे एकमेकांवर सहसा आदळतच नाहीत. सूर्य राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणजे एक मिलिमीटरचा धरला, तर त्या मापाने शेजारचा तारा जवळपास २९ किलोमीटरवर येतो. इतक्या मोकळ्या जागेतून दुसरी दीर्घिका आरपार गेली तरी दाण्याला दाणा लागायचा नाही. वायूचे ढग मात्र खरोखर आपटतात, दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. तेवढ्यापुरती टक्कर चालेल.

'आंतरक्रिया' चूक नाही, पण तिच्यात चित्र नाही. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला मरीची आहे. त्याच्याजवळ, पण श्यामशबल तारकासमूहात (हे यमाचे दोन कुत्रे) मेसिए ५१ ही भोवरा दीर्घिका आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएला ती १७७३मध्ये दिसली, तिची धाकटी शेजारीण त्याचा सहकारी मेशँ याला १७८१मध्ये. १८४५मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून भोवरा दीर्घिकेचे सर्पिल हात पाहिले. त्यातला एक थेट शेजारणीकडे गेलेला दिसतो. दीर्घिकांमधले असे पूल आणि शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणातून तयार होऊ शकतात, हे अलार आणि यूरी टूम्रे या भावांनी १९७२मध्ये संगणकावर करून दाखवलं.

होतं काय, तर जवळच्या बाजूवर ओढ जास्त, लांबच्या बाजूवर कमी. म्हणून दीर्घिका ताणली जाते. समुद्राला भरती येते ती याच हिशोबाने. ओढ आणि ताण! मराठीत याला तयार शब्द आहे : ओढाताण. महिनाअखेरीला वापरून वापरून आपण त्याला पैशापुरता करून टाकलाय, एवढंच. पाठ्यपुस्तकाने खुशाल आंतरक्रिया लिहावं. वाचकांसाठी लिहिताना मी ओढाताणच लिहीन.

जाता जाता : 'दोन आकाशगंगा' मात्र नको. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव. दीर्घिका म्हणजे मुळात लांबट तळं. अमरकोशात 'वापी तु दीर्घिका' असं आहे. तेव्हा वाक्य असं करा : 'भोवरा दीर्घिका आणि तिची धाकटी शेजारीण यांची ओढाताण चालू आहे.'