वडिलांचे जुने हाय-फाय स्पीकर घरीच दुरुस्त होतील का, की नवे घेऊ?

प्रश्न वाचला. मडगावच्या घरी माळ्यावर वडिलांचे 1979 सालचे स्पीकर सापडलेत, बास येत नाही, उजवा खरखरतो, आणि ओळखीतले एक जाणकार म्हणतात, "पेट्या तेवढ्या ठेवा, आतलं सगळं काढून नवं टाका."

त्या जाणकारांना चहा द्या, सोबत खाजं द्या आणि वाटेला लावा.

घरी होतात का? होतात. मी केलेत. मी इंजिनियर नाही, फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. मल्टिमीटर धरता येतो आणि फेविकॉल न सांडता लावता येतो, एवढंच भांडवल. तरी उत्तर लांबणार आहे, कारण "आतलं सगळं काढून नवं टाका" हे वाक्य आमच्या घरात 2003 साली बोललं गेलं आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

बाबा मुरगाव बंदरात कारकून होते. 1981 मध्ये वास्कोत एका तारवट्याकडून (बोटीवरच्या खलाशाकडून) त्यांनी एआर, म्हणजे अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीच्या स्पीकरची जोडी घेतली, आठ इंची वूफरवाली. वूफर म्हणजे बास काढणारा मोठा कोन. (मॉडेल नंबर मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा लिहिला तर आठवडाभर "विकणार का?" म्हणून निरोप येत होते.) तीन पगार गेले, हे आई आजही आल्यागेल्याला सांगते. गोणपाटात गुंडाळून, बसच्या टपावरून दोन्ही पेट्या घरी आल्या.

बाबा स्वतः पखवाज वाजवायचे. वास्कोच्या दामोदर सप्ताहाला टेप घेऊन जायचे आणि मिळेल तेवढं भजन भरून आणायचे. रात्री जेवणं आटोपली की त्या कॅसेटी लागायच्या. पखवाजाच्या धाम्याला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) कणीक लावली की जो "धुम्" निघतो, तो या पेट्यांतून निघून ओसरीवर बसलेल्या माणसाच्या पोटात उतरायचा. मी दहा वर्षांचा होतो, मला ते भजनापेक्षा जास्त आवडायचं.

वीस-बावीस वर्षांनी वूफरची कड गेली. कागदी कोनाभोवती फोमची जी झालर असते, ज्याला सराउंड म्हणतात, ती. त्या काळचा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत आपोआप सुटत जातो. वाजवा नाहीतर कपाटात जपून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, तिथे फोमची काय कथा. तुमचा बास गेलाय त्याचं कारण नव्वद टक्के हेच असणार. खरखरही बहुधा त्याचीच. कड गेली की कोन एका बाजूला कलतो आणि आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, लोखंडाला घासते.

तेव्हा ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मदतीला आले. माणूस लाखमोलाचा, रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला. त्यांनी दोन्ही पेट्या व्हॅनमध्ये घातल्या आणि गोव्याबाहेरच्या एका कारागिराकडे नेल्या. दीड महिन्यानं परत आल्या. फोमच्या जागी रबर-सोल्युशन चोपडलेली जाड कापडी कड. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, जुन्या कॅपॅसिटरांच्या (खालचे सूर त्याच्याकडे जाऊ न देणाऱ्या भागांच्या) जागी अंगठ्याएवढे पिवळे नवे कॅपॅसिटर. आणि आत भरलेली लोकर? "तो कचरा होता, काढून टाकला," भाऊजी म्हणाले. जुने कॅपॅसिटर मात्र त्यांनी बिस्किटाच्या डब्यात घालून पुरावा म्हणून परत आणले होते.

कॅसेट लावली. झांजा काचेसारख्या फुटत होत्या. भाऊजी म्हणाले, "बघा, डिटेल ऐका." बाबा दोन अभंग ऐकून उठले आणि एवढंच म्हणाले, "कणीक लावायला विसरले वाटतं."

भाऊजींना ते लागलं. तेव्हापासून दर चवथीला, गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधताना, हा विषय निघतो. त्यांचं म्हणणं, कॅपॅसिटर हाच स्पीकरचा प्राण, जुना कॅपॅसिटर म्हणजे जुनं औषध, फेकून द्यायचं. माझं म्हणणं, प्राण हवेत आहे.

आणि हे माझं मत नाही, त्या पेटीची रचनाच तशी आहे. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर सुरू केली ती याच एका कल्पनेवर. त्याआधी खोल बास हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. विलचरनं पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून राबवलं. कोनाची स्वतःची कड त्यासाठी मुद्दाम ढिली, लुसलुशीत ठेवलेली असते. तिथे तुम्ही जाड कापड चिकटवलंत की कोन आखडतो, त्याची नैसर्गिक कंपनसंख्या वर जाते आणि खालचे सूर गायब. पेटीला कुठे फट राहिली तरी तेच. एवढं साधं आहे, पण भाऊजींना 2003 पासून पटत नाही.

2017 च्या जुलैत मी स्वतः बसलो. दुकानात पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं आणि बाहेरून मागवलेल्या फोमच्या कडा कस्टममधून सुटून आल्या होत्या. वूफर काढले (तारा काढण्याआधी कुठली कुठे ती खूण करा, फोटो काढा), कारागिराची कड खरवडली. तिच्याखाली मूळ फोमचा उरलेला थर निघाला. काळा, चिकट, फणसाच्या चिकासारखा. हात आपोआप खोबरेल तेलाकडे गेला होता. नशीब, आईनं हाक मारली. कागदी कोनाला तेलाचं बोट लागलं की तो डाग कायमचा आणि त्यावर गोंद धरत नाही. स्पिरिट वापरा, कापसाच्या बोळ्यानं, थोडं थोडं.

मग खरं काम. वूफरच्या मधली टोपी ब्लेडनं अलगद उचलली आणि कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्यामधल्या फटीत चार बाजूंनी चार पट्ट्या सरकवल्या, म्हणजे गोंद सुकेपर्यंत कॉइल बरोबर मध्ये राहते. पट्ट्या कशाच्या, तर आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या. फिल्म पातळ, गुळगुळीत, कात्रीनं हवी तशी कापता येते, या कामाला इतकी योग्य वस्तू दुसरी मिळाली नाही. गोंद साधा पांढरा फेविकॉल, सुई काढलेल्या पाच एमएलच्या सिरिंजमधून. आधी फोम कोनाला, तो सुकला की मग बाहेरची कड लोखंडी चौकटीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढल्या, कोन दाबला, आणि खर्र्. जुलै महिना! फेविकॉल वरून सुकलेला, आतून दह्यासारखा. कड सरकली होती. ओल्या फडक्यानं गोंद परत मऊ करून सगळं सोडवलं, पट्ट्या पुन्हा लावल्या आणि या खेपेला तीन दिवस हात लावला नाही. म्हणून सांगतो, हे काम पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा. गोंद न सुकताच निवाडा करणारे आमच्या घरात आधीच एक आहेत.

टोपी न कापता करायची दुसरी रीतही आहे. मोबाइलवरून 30 हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात वूफरला द्यायचा, गोंद ओला असताना कोन बोटांनी इकडेतिकडे सरकवायचा आणि खरखर थांबते तिथे धरून बसायचं. काही जण शपथेवर सांगतात हीच बरी. मी धरून बसणाऱ्यातला नाही.

वूफर परत बसवताना कडेला आणि मागे तारा येतात त्या भोकाला, एसीवाले पाइपाभोवती भरतात तो मऊ, न सुकणारा लगदा भरा. खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी (पुट्टी) नको, ती दगड होते. मग दोन्ही हातांची बोटं टोपीभोवती ठेवून कोन हळूच आत दाबा आणि सोडा. सावकाश, आळस दिल्यासारखा परत आला तर पेटी बंद आहे. टुणकन आला तर फट शोधा. आतली लोकर फेकलेली होती, त्यामुळे मला गादीवाल्याकडचा पॉलिएस्टर कापूस मूठमूठ भरून कानानं जुळवावा लागला, आणि मूळचं वजन किती होतं ते आता कधीच कळणार नाही. माझा खरा राग तिथे आहे. तुमच्या पेटीत पिवळी किंवा गुलाबी काचलोकर असेल तर मास्क लावा, हातमोजे घाला, आणि होती तेवढी परत भरा.

बाबा तेव्हा 83 वर्षांचे. कानातलं यंत्र काढून ओसरीवर बसले, तळवा खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला. धाम्याची पहिली थाप आली तशी त्यांची करंगळी उचलली गेली. पूर्ण अभंग ऐकला. मग म्हणाले, "टेप सावकाश फिरतोय." खरंच फिरत होता, पट्टा बदलावा लागला.

आता राहिलेलं. खर्च मला फोम, टपाल, कस्टम धरून साडेतीन हजारांच्या आत आला, पण ते 2017 साल. नवे घ्यावेत का, हे तुमच्या खिशावर. मी घेतले नसते. तुमच्या स्पीकरचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि तिथेच सगळं अडतं. कड रबराची असेल तर ती बहुधा शाबूत असेल, उगाच काढू नका. कोन प्लॅस्टिकचा असेल तर फेविकॉल धरणार नाही. आठ ओहमच्या वूफरवर मीटर साधारण सहा-साडेसहा दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे, मग हे सगळं पुराण व्यर्थ. दीड व्होल्टच्या सेलनं दिशा तपासा, अधिकला अधिक जोडलं की कोन बाहेर यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये उलटं असतं, घाबरू नका. सेल क्षणभरच टेकवा आणि ट्वीटरला लावू नका. आणि मी आजवर दोनच जोड्या केल्यात, हेही धरून चाला.

कॅपॅसिटरबद्दल विचाराल, म्हणून सांगून टाकतो. 2017 मध्ये बिस्किटाच्या डब्यातले जुने दोन्ही मीटरवर लावले. उजवा ठीक होता. डावा छापील आकड्याच्या दीडपट दाखवत होता, म्हणजे गेलेलाच. त्या काळचे इलेक्ट्रोलिटिक वयानं असे बिघडतात. म्हणजे भाऊजी अर्धे बरोबर होते. त्यांचे पिवळे कॅपॅसिटर आजही आत आहेत. नव्या जातीत अंगचा रोध जवळजवळ नसतो, त्यामुळे ट्वीटर टोचतो. मी एक ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडला आणि झांजा माणसात आल्या. हे भाऊजींना सांगितलेलं नाही. ते हे वाचायला इथे येत नाहीत. गेल्या चवथीला त्यांनी विचारलं, "माझे कॅपॅसिटर काढलेस ना?" मी म्हटलं, नारळ द्या इकडे, माटोळी वाकडी होतेय.

तुम्ही टाकलेल्या फोटोत स्पीकरची कापडी जाळी अजून लावलेलीच दिसते. ती काढा, वूफरच्या कडेवरून हलकं बोट फिरवा. बोट काळं झालं तर नाव आणि इंच लिहून टाका, कुठला फोम लागेल ते सांगतो.