काजूच्या बागेतून आलेल्या भावाचा ताप आणि 'व्हायरल आहे, औषध नाही' हे उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ महिनाभर दोडामार्गकडच्या काजूच्या बागेत राहून जांबोटीला परतला. तापाचा आज चौथा दिवस, डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह, आणि डॉक्टर म्हणाले, 'व्हायरल आहे, औषध नाही, आराम करा.' तुमचा मुलगा म्हणतो की आरएनए व्हायरस सारखे बदलतात, म्हणून त्यांना ना औषध ना लस. त्यावर तुम्ही विचारलंय की मग देवीचा रोग कसा गेला?

मुलाच्या म्हणण्याकडे नंतर येतो, आधी भावाचं बघू. तो काजूच्या बागेत होता हे डॉक्टरांना कुणी सांगितलं का? नसेल तर पुढचं वाचायच्या आधी फोन करून सांगा. मी आपल्या सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांत लॅब टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं. सॅम्पलच्या ट्यूबवर नाव, वय, गाव लिहिलेलं असतं. माणूस गेला महिना कुठे राबत होता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्याकडचे लोकही आपणहून सांगत नाहीत. 'ताप हाय, गोळ्या खाऊलालोय, जाईना' एवढंच सांगतात. विचारल्याशिवाय 'गोचीड चावली होती' असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही.

हे एवढ्या जोर देऊन सांगतोय ते माकडतापामुळे. कन्नडमध्ये त्याला मंगन कायिले म्हणतात, कागदावर त्याचं नाव केएफडी, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडली. माकडं मरतायत म्हटल्यावर पुण्याच्या संशोधकांना आधी पीतज्वराचीच शंका आली होती. पण सापडला तो सर्वस्वी नवा विषाणू, डेंग्यूच्याच कुळातला. पुढे बरीच वर्षं तो शिमोग्याचा रोग म्हणूनच ओळखला जायचा. मग तो सह्याद्रीच्या कण्याने वर सरकत आला. गोव्याच्या सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ झाली. नकाशा काढून बघा. चोर्ला घाट उतरला की सत्तरी, तिलारीच्या बाजूला दोडामार्ग, आणि लोंढ्याच्या पलीकडे कारवार जिल्ह्याचं जंगल. आपल्या खानापूर आणि चंदगडची माणसं हंगामाला याच बागांत जातात.

हा विषाणू गोचिडीतून येतो. नोव्हेंबर ते मे या काळात तिची पिल्लं पाचोळ्यात असतात. तिळाएवढी, कधी त्याहून लहान, चावलेलं कळतही नाही. काजू वेचायचे ते पाचोळ्यातूनच, बसून, वाकून. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कंबर आणि पिंढऱ्या मोडून येणं, डोळे लाल, उलट्या. यातही रक्तातल्या पेशी (प्लेटलेट) कमी होतात, त्यामुळे रिपोर्ट डेंग्यूसारखाच दिसतो. फरक ऋतूचा आणि जागेचा. डेंग्यूचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर. भर मार्चमध्ये, बागेतून आलेला, डेंग्यू निगेटिव्ह आणि पेशी उतरलेल्या, असा माणूस समोर असेल तर माकडतापाची तपासणी व्हायलाच हवी. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात सापडतो, त्यासाठी पीसीआर, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी करतात. नंतर अँटिबॉडी बघतात. ही तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. सॅम्पल बर्फात घालून शिमोग्याच्या किंवा पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत पाठवावं लागतं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बेळगावचं सिव्हिल गाठा. आशाताईंना सांगितलं तरी चक्रं फिरतात.

एकाचा दुसऱ्याला हा ताप लागत नाही. भावाला वेगळं टाकू नका, त्याच्याजवळ बसा.

आणखी एक. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर 'व्हायरलला अँटिबायोटिक का?' म्हणून बंद करू नका. त्याच झाडोऱ्यात स्क्रब टायफस नावाचा तापही बारीक किड्यापासून होतो. तो विषाणूचा नाही, जिवाणूचा आहे आणि त्याच गोळीने बरा होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने डागल्यासारखा काळा खपला दिसतो का बघा. ही तपासणी घरी दोन मिनिटांत होते आणि फार मोलाची आहे.

तापाला पॅरासिटामॉल, तेवढंच. अंगदुखीवर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, इंजेक्शनमधूनसुद्धा नको, कारण रक्तस्राव वाढतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. ताप उतरला म्हणजे सुटलो असंही नाही. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, त्याच दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. माकडतापात काहींना आठ-पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा ताप येतो आणि तेव्हा मान आखडणं, हात थरथरणं, बडबडणं असे मेंदूचे त्रास होतात. माझ्या नात्यातल्या एका पोराला ताप उतरला म्हणून एका दवाखान्यातून त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं. डेंग्यू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी लागेना. तो वाचला, पण त्या सकाळपासून कुणी 'ताप गेला' म्हणालं की मी आधी लघवी किती झाली ते विचारतो.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. तो निम्मा बरोबर आहे. विषाणू कसा घडवायचा हे त्याच्या जनुकांच्या पोथीत लिहिलेलं असतं; काहींची पोथी आरएनएची, काहींची डीएनएची. आरएनए विषाणू स्वतःची नक्कल काढतो तेव्हा ती तपासून दुरुस्त करायची सोय बहुतेकांकडे नसते. साधारण दहा हजार ते लाख अक्षरांमागे एक चूक होते, आणि डेंग्यूची सगळी पोथीच अकरा हजार अक्षरांची. म्हणजे दर काही नकलांमागे एखादी तरी वेगळी निघणारच. फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते ती यामुळेच. (कोरोनाची पोथी तीस हजारांची, त्याच्याकडे थोडी दुरुस्तीची सोय आहे. तरीही तो किती बदलला ते आपण पाहिलं.) चिकुनगुनिया आठवतो ना? २००६ मध्ये देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात निम्म्याहून जास्त कर्नाटकातले. गल्लीच्या गल्ली भिंतीला धरून चालत होती. तेव्हा या विषाणूच्या पोथीतलं एकच अक्षर बदललं, आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर व नंतर केरळात एरवी दुय्यम असलेला डास त्याला उत्तम वाहून नेऊ लागला.

पण बदलतो म्हणून लस नाही, हे खरं नाही. गोवर आरएनए विषाणूच आहे, पोलिओही, रेबीजही. तिघांवर उत्तम लशी आहेत. गोवराचा बाहेरचा साचा असा आहे की तो फार बदलला तर विषाणूलाच पेशीत शिरता येत नाही, म्हणून कित्येक दशकांपूर्वीची लस आजही चालते. डेंग्यूचं दुखणं वेगळं आहे. त्याचे चार प्रकार, आणि एकाविरुद्धची अर्धवट प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला कधीकधी आत शिरायला मदत करते. त्यामुळे लस चौघांवर सारखी चालली पाहिजे, नाहीतर अपाय. माकडतापावर आपल्याकडे लस होती, बरीच वर्षं दिलीही जायची, पण तिचं संरक्षण तोकडं पडलं आणि ती बंद झाली. औषध नाही हेही सगळ्यांना लागू नाही. हिपॅटायटिस सी आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, एचआयव्हीचा माणूस रोजच्या मोफत गोळ्यांवर पूर्ण आयुष्य जगतो.

राहिली देवी. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तुमचा मुलगा गेलाच असेल. ते नाव पडलं देवीच्या लशीवरून, ती तिथे तयार व्हायची. देवीचा विषाणू डीएनएचा, पावणेदोन लाखांहून जास्त अक्षरांची पोथी, पण नक्कल नीट तपासून काढणारा, म्हणून तो सावकाश बदलायचा. त्याहून मोठं कारण म्हणजे तो फक्त माणसात राहायचा आणि अंगावर फोड येऊन दिसायचा. शोधा, आजूबाजूच्यांना टोचा, संपला. माकडतापाचा विषाणू गोचिडीत, उंदरांत, जंगलात राहतो. माणसाला लस देऊन तिथला विषाणू जात नाही.

याच कारणाने रेबीजही जंगलात आणि गल्लीत टिकून आहे, पण तिथे आपल्या हातात पूर्ण उपाय आहे आणि तरी माणसं जातात, हे मला सहन होत नाही. कुत्रा चावला की चुना, मिरची, तंबाखू लावणारी घरं अजून आहेत. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्या, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मागून घ्या आणि पुढचे सगळे डोस तारखेवर पूर्ण करा. लक्षणं सुरू झाल्यावर कुणाच्याही हातात काही राहत नाही.

भावाबरोबर बागेत आणखी कोण होतं, त्यांनाही विचारा. जे अजून तिथे आहेत त्यांना सांगा की पाचोळ्यात बसू नका, पायजमा मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल मिळालं तर हातापायांना लावा, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाका. चिकटलेली गोचीड चिमट्याने हळू ओढायची. नखाने चिरडायची नाही, रॉकेलही ओतायचं नाही. बागेत मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं.

आणि ताई, सॅम्पल देताना ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते फॉर्मवर लिहून घ्या. कोणती तपासणी करायची हे त्या तारखेवर ठरतं. पेशी किती आहेत आणि काळा खपला दिसला का, ते आज रात्री इथे लिहा, मी जागा आहे.