वाचक विचारतात : साहेब जागेवर आहेत का?

या महिन्याच्या टपालात सरकारी कार्यालयांतील हजेरीविषयी चार पत्रे आली. तीन तक्रारवजा आहेत आणि चौथे, ज्यांच्याविषयी तक्रार केली जाते त्यांच्यापैकीच एकीचे आहे. चारही पत्रे कोकणातली असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : कोरोनापासून आमच्या तालुक्याच्या गावी शनिवारी कचेरी बंद असते. इतर दिवशी गेलो तरी ‘साहेब फिरतीवर आहेत’ एवढेच ऐकून परतावे लागते. पूर्वी मस्टरवर सह्या होत, आता यंत्र बसवले म्हणतात. मग हजेरी मोजतो तरी कोण?
— एक बागायतदार, गुहागर तालुका

उत्तर : शनिवारच्या सुट्टीचा आणि कोरोनाचा संबंध नाही, तरी हा समज इतका पसरला आहे की मीही तो दुरुस्त करून थकलो आहे. राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला आणि त्याबदल्यात रोजची वेळ वाढवून सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी केली. दुपारची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाची. ही घडी बसते न बसते तोच, महिनाही पुरा होण्याआधी, टाळेबंदी आली. त्यामुळे शनिवारचे कुलूप लोकांच्या लक्षात राहिले आणि सव्वासहापर्यंत उघडे राहणारे दार मात्र कोणाच्या लक्षातच आले नाही. आपण साडेपाचला गेलात आणि ‘आता उद्या या’ असे कोणी म्हणाले, तर वेळ संपलेली नाही हे त्याला शांतपणे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता मोजणीविषयी. मी ज्या कचेरीत आस्थापना शाखा (कर्मचाऱ्यांची हजेरी, रजा पाहणारी) सांभाळली, तिथे मस्टर सकाळी शिपायाच्या टेबलावर असे. ठरलेल्या वेळेनंतर ते उचलून साहेबांच्या खोलीत जाई आणि मोकळ्या चौकोनांत लाल शाई पडे. उशिरा येणाऱ्याला त्या खोलीत जाऊन सही करावी लागे, आणि महिन्यात तीनदा तसे झाले की एक किरकोळ रजा वजा होई. ही रीत कडक दिसते, पण तिच्यातली पळवाट सर्वांना ठाऊक होती : सही करून बाहेर चहाला गेलेला माणूस जेवणाच्या सुट्टीनंतरच टेबलाशी दिसला, तरी मस्टरच्या दृष्टीने तो दिवसभर हजर असे. अंगठ्याच्या यंत्राने येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वेळा नोंदवल्या, त्यामुळे ही पळवाट अरुंद झाली, बुजली नाही.

महासाथीत हे यंत्रच आधी बंद पडले, कारण एकाच काचेवर सगळ्यांनी बोट टेकवणे धोक्याचे होते. केंद्राने आपल्या कार्यालयांतील बायोमेट्रिक हजेरी मार्च २०२० मध्ये थांबवली, ८ नोव्हेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये रुग्ण वाढताच पुन्हा स्थगित केली. राज्यात टाळेबंदीच्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली होती, तर एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत ती पंधरा टक्के होती. या दोन वर्षांत ‘कोण कुठे आहे’ याची नोंद बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आणि तोंडी निरोपांवर चालली, आणि निर्बंध उठल्यावरही ती सवय पुरती सुटलेली नाही. आपल्याला ऐकावे लागणारे ‘साहेब फिरतीवर’ हे उत्तर तिथूनच येते. फिरती खरी असेल तर तिची नोंद हालचाल नोंदवहीत असली पाहिजे : कुठे, कशासाठी, किती वाजता निघाले, कधी परतणार. पुढच्या वेळी शिपायाशी वाद न घालता आवक-जावक लिपिकाकडे त्या नोंदवहीची चौकशी करावी. वही दाखवणार नाहीत कदाचित, पण विचारणारा जाणता आहे एवढे त्यांना कळते.

प्रश्न : माझी मुलगी लंडनमध्ये असते. तिकडे सरकारी कार्यालये किती टक्के भरली याचे आकडे सरकारच प्रसिद्ध करते, असे ती सांगते. आपल्या जिल्ह्याचे असे आकडे का काढत नाहीत?
— निवृत्त शिक्षिका, अलिबाग

उत्तर : आकडे काढता येतील, पण ते कशाचे काढायचे हे आधी ठरवावे लागेल. ब्रिटनने २०२२ मध्ये मंत्रालयांच्या मुख्य इमारतींच्या वापराचे आठवडी आकडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याच वर्षी जेकब रीस-मॉग या मंत्र्यांनी रिकाम्या टेबलांवर ‘आपण भेटला नाहीत, लवकरच भेटू’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि त्या तिकडे बऱ्याच गाजल्या. पण ती टक्केवारी इमारतीची होती, माणसांची नव्हती. समजा, एका कार्यालयात शंभर कर्मचारी आणि साठच टेबले आहेत. पंचेचाळीस माणसे आली तर माणसांच्या हिशेबाने उपस्थिती ४५ टक्के होते आणि टेबलांच्या हिशेबाने ७५ टक्के. उद्या एक मजला सोडून दिला, तर एकही माणूस जास्त न येता टक्का वर चढेल.

अमेरिकेतही हेच झाले. तेथील सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितले की २४ मोठ्या खात्यांपैकी १७ खात्यांच्या मुख्यालयांचा वापर क्षमतेच्या पाव हिस्सा किंवा त्याहून कमी होता. हा निष्कर्ष जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या महिन्यांतील एकेका आठवड्याच्या नोंदींवरून काढलेला होता. खात्यांच्या मोजण्याच्या पद्धतीही सारख्या नव्हत्या. कोणी दाराशी कार्ड किती वेळा टेकवले ते मोजले, तर कोणी संगणकावरच्या नोंदी पाहिल्या. नमुना आठवडा कुठला घेतला याला किती महत्त्व आहे हे कोकणच्या माणसाला समजावून सांगायला नको. रत्नागिरीतल्या कार्यालयाचा नमुना गणेशचतुर्थीच्या आठवड्यात घेतला तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील, आणि तोच मार्चअखेरीस घेतला तर रात्री दहालाही दिवे चालू दिसतील. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही फसवे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो रिक्त पदांचा. उदाहरणादाखल एक कार्यालय घेऊ. मंजूर पदे वीस, त्यांपैकी सहा रिक्त. उरलेल्या चौदांपैकी दोघे रजेवर, तिघे रीतसर फिरतीवर, नऊ जण जागेवर. मंजूर पदांशी ताडून पाहिले तर उपस्थिती ४५ टक्के येते, भरलेल्या पदांशी ताडल्यास ६४ टक्के, आणि फिरतीवरचे तिघे कामावरच आहेत असे धरल्यास ८६ टक्के. तहसील कार्यालयाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला यांतला पहिला आकडा जाणवतो, आणि बैठकीत वाचला जातो तो तिसरा. म्हणून माझे मत असे की जिल्ह्याची एकच टक्केवारी छापण्यापेक्षा प्रत्येक खिडकीसमोर तीन ओळी रोज लिहाव्यात : हे टेबल आज कोणाकडे आहे, ती व्यक्ती किती वाजेपर्यंत जागेवर आहे, आणि नसल्यास तिचा कार्यभार कोणाकडे. खर्च काय, तर खडूचा. तरीही हे का होत नाही याचे उत्तर तीस वर्षे कचेरीत काढूनही मला नीट देता येत नाही. बहुधा कार्यभार घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लागले की काम नाकारता येत नाही, हेच कारण असावे.

प्रश्न : मी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आहे. आमची हजेरी आता मोबाइलवर चेहरा दाखवून, ठरलेल्या ठिकाणीच लागते. माझ्या सजात (माझ्याकडे सोपवलेल्या भागात) तीन गावे आहेत, मधे खाडी आहे, आणि कार्यालय आहे तिथे पावसाळ्यात रेंज नसते. दिवसभर काम करूनही गैरहजेरी लागते. काय करावे?
— एक महिला कर्मचारी, राजापूर तालुका

उत्तर : ताई, आपले पत्र दोनदा वाचले. महसूल खात्याने २०२५ मध्ये फेस अ‍ॅपवरची हजेरी थेट वेतनाशी जोडण्याचे जाहीर केले, त्यामागचे कारण खोटे नव्हते. तालुक्याच्या गावी बिऱ्हाड थाटून सजाच्या गावी आठवड्यातून एकदा उगवणारे कर्मचारी लोकांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळेच सरसकट सर्वांवर ही पाळत आली. पण हे साधन चार भिंतींत बसणाऱ्या माणसासाठी घडवलेले आहे आणि ते आपल्यासारख्या फिरत्या माणसाच्या हाती दिले आहे.

आपण लिहिले आहे की रेंज मिळवण्यासाठी आपल्याला पाऊण तास चालून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, जावे लागते, आणि तिथे पोहोचेपर्यंत नकाशावरच्या ठरलेल्या वर्तुळातून आपण बाहेर पडलेल्या असता. म्हणजे खाली असताना नोंद जात नाही आणि वर आल्यावर ती चुकीच्या जागेची ठरते. ज्याने हे अ‍ॅप बनवले त्याने सडा हा शब्द ऐकला नसावा. त्यात आषाढात वीज गेली की मोबाइलची बॅटरी उतरते, आणि अंधारलेल्या खोलीत चेहरा ओळखला जात नाही ते निराळेच.

हजेरीच्या आकड्यांत न मावणारे काम किती असते हे आपल्या किनाऱ्याने याच काळात पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा निर्बंधांमुळे कार्यालयांत तुरळकच माणसे होती. तरी श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात आडव्या झालेल्या नारळी-पोफळी मोजत, छप्पर उडालेल्या घरांचे पंचनामे करत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक वाडीवाडीतून फिरत होते. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हाही तेच. त्या दिवसांचे हजेरीपट काढून पाहिले तर कार्यालये ओस दिसतील. पंचनाम्यांच्या कागदांवर मात्र त्याच माणसांच्या सह्या, तारीख आणि वेळेसह, सापडतील.

आपल्याला उपयोग होईल तोही याच कागदाचा. नोंद लागली नाही त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, मंडळ अधिकाऱ्यांना दोन ओळींचा लेखी निरोप पाठवावा : वेळ, ठिकाण, अडचण, आणि त्या वेळी चालू असलेले काम. पडद्यावर आलेला नकाराचा संदेश टिपून तो सोबत जोडावा. दैनंदिनीत त्या दिवशीच्या फेरफाराचा किंवा पंचनाम्याचा क्रमांक लिहावा, नुसते ‘क्षेत्रीय काम’ असे लिहू नये, कारण त्या दोन शब्दांवर आता कोणाचाही विश्वास उरलेला नाही. महिनाभर असे झाल्यावर तारखांचा तक्ता करून तहसीलदारांकडे लेखी मागणी करावी की सजातील तिन्ही गावांच्या चावड्या हजेरीची ठिकाणे म्हणून नोंदवाव्यात, आणि रेंज नसताना मोबाइलमध्ये साठलेली नोंद नंतर पाठवण्याची सोय द्यावी. मागणी एकटीने न करता त्याच खाडीच्या दोन्ही काठांवरच्या सहकाऱ्यांनी मिळून केली तर तिचे वजन वाढते. आणि रागावणार नसाल तर एक सांगतो : कोणत्या वारी कोणत्या गावात किती वाजेपर्यंत असता, याचा कागद तिन्ही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. गावाला आपला वार माहीत असला की अ‍ॅप काहीही म्हणो, ‘ताई येतात’ असे सांगणारी चार माणसे आपल्या बाजूने उभी राहतात.

प्रश्न : माहिती अधिकारात एखाद्या कर्मचाऱ्याची हजेरी मागता येते का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अर्ज करता येतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा, आणि उत्तरासाठी तीस दिवस थांबावे. परंतु अमुक व्यक्तीचा वर्षभराचा हजेरीपट आणि रजेची कारणे मागितली, तर ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाण्याची शक्यता मोठी आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या सेवेविषयीच्या तपशिलांना असे संरक्षण दिले आणि त्याचा दाखला माहिती अधिकारी हटकून देतात. बोटांचे ठसे किंवा चेहऱ्याची माहिती तर मिळणारच नाही, आणि मिळूही नये. त्याऐवजी माणसाचे नाव न घेता पदाविषयी विचारावे : अमुक टेबलाच्या कामासाठी अमुक महिन्यात मंजूर झालेला फिरती कार्यक्रम, हालचाल नोंदवहीतील त्या महिन्याची पाने, आणि त्या पदावरची व्यक्ती बाहेर असताना कार्यभार कोणाकडे होता याचा आदेश.

आपली खरी अडचण एखादा दाखला अडकल्याची असेल, तर हजेरीच्या मागे लागूच नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय ती मोडणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे साहेब त्या दिवशी जागेवर होते की फिरतीवर, हा प्रश्न उद्भवतच नाही. अर्ज दिल्याची तारीख असलेली पोच मात्र त्याच वेळी मागून घ्यावी. ‘नंतर देतो’ म्हणाले तरी खिडकीपासून हलू नये.